तुपाने रक्त घट्ट होतं, गोळीने पातळ होतं, मग हिशोब बराबर?

पारोळ्याची_पोर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे पण घरात आता त्यावरून रोज तोंडं फुगतात म्हणून इथे टाकतेय. माझ्या सासऱ्यांना (आम्ही आबा म्हणतो, वय ६७, अमळनेरला असतो) दिवाळीनंतर ॲटॅक येऊन गेला, एक स्टेंट टाकलाय. घरी सोडताना पाच गोळ्या दिल्या आणि सांगितलं तूप, लोणी, साय, वनस्पती, तळण कमी करा. दीड-दोन महिने आबांनी व्रतासारखं पाळलं. संक्रांत झाल्यावर एक दिवस वरण-बट्टी केली, मी त्यांच्या बट्टीवर एकच चमचा तूप सोडलं तर ताट सरकवलं आणि म्हणाले, "रक्त पातळ व्हायची गोळी मग कशाले खाऊ ऱ्हायलो मी? तुपाने रक्त घट्ट होतं, गोळीने पातळ होतं, हिशोब बराबर." सासूबाई पण त्यांच्याच बाजूने. वर गल्लीत असं झालंय की सून तूप मोजून वाढते.

तर सांगा, तुपाने खरंच रक्त घट्ट होतं का? होत असेल तर गोळीने ते भागतं का? आणि होत नसेल तर डॉक्टर तूप कमी करायला का लावतात? तिन्हीची उत्तरं मला देता येत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी वादात मीच हरते.

कळण्याची_भाकरी
हिशोब बराबर :)) आबांना सोसायटीचे सचिव करा, ताळेबंद कधी चुकणार नाही.

भुसावळ_जंक्शन
ताई राग मानू नका पण हे डॉक्टर लोकांचं जरा जास्तच असतं. आमचे आजोबा ९२ वर्षं जगले, रोज वाटीभर गावरान तूप, पुरणपोळी तर तुपात बुडवूनच, शेवटपर्यंत दवाखाना माहीत नाही. आताची पोरं रिफाईंड तेल खातात आणि चाळिशीत छातीला हात लावतात.

झिपऱ्या
तूप खाईसन कोन्ही मरत नही भो, हाऊ धागा वाचीसन मरतीन :)

तापीकाठची
@भुसावळ_जंक्शन, आजोबा ९२ वर्षं जगले म्हणून तुम्ही त्यांची गोष्ट सांगताय. आमच्या भाऊबंदकीत माझे एक चुलत आजोबा आणि दोन काका ५५-५८ च्या आत गेले, तूप तेही खायचे, पण त्यांची उदाहरणं चावडीवर कोणी देत नाही कारण ते चावडीवर बसायला उरलेच नाहीत. आणि तुमचे आजोबा दिवसाला किती चालायचे ते पण लिहा ना.

भुसावळ_जंक्शन
चालायचे म्हणजे काय, शेत पाच किलोमीटर, जाऊन येऊन. सायकल पण नव्हती. बरं, हा मुद्दा मान्य. पण वाटीभर तूप हा पण मुद्दा आहेच.

लॅबवाला
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १६ वर्षं झाली. "रक्त घट्ट" म्हणजे लोकांच्या डोक्यात काय असतं ते मला पक्कं माहीत आहे. थंडीत बरणीतलं तूप कसं थिजतं तसं अंगात थिजत असेल असं वाटतं. तसं काही होत नाही, अंगात ३७ डिग्री आहे, जळगावची जानेवारी आपल्या नसांत पोहोचत नाही.

पण डोळ्याने दिसणारी एक गोष्ट सांगतो. लग्नसराईत काही लोक रात्री अकराला पंगत झोडून सकाळी सातला लिपिडचं (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचं) सँपल द्यायला हजर होतात आणि "उपाशी आहे" म्हणून ठोकून देतात. ट्यूब फिरवून घेतली की वरचं सिरम पिवळसर पारदर्शक यायला पाहिजे, यांचं येतं दुधासारखं पांढरं! ज्याचं ट्रायग्लिसराईड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आधीच वाढलेलं असतं त्याचं तर जास्तच. जेवणातली चरबी आतड्यातून रक्तात येते, तीन-चार तासांनी सगळ्यात जास्त असते, मग हळूहळू साफ होते. मी नवीन असताना एकाला ती ट्यूब दाखवली होती, त्याने पुढचे सहा महिने रबडी सोडली म्हणे.

पारोळ्याची_पोर
बापरे. म्हणजे तेच पांढरं नसांना चिकटतं का?

लॅबवाला
नाही ना, गंमत तीच आहे. पांढरं दिसतं ते ट्रायग्लिसराईडचे मोठे मोठे कण. ज्याला डॉक्टर वाईट कोलेस्ट्रॉल म्हणतात ते एलडीएल, त्याचे कण इतके बारीक की एलडीएल २०० असलं तरी सिरम चकाचक पारदर्शक दिसू शकतं. म्हणजे घाबरवणारं दिसतं आणि खरं काम करणारं दिसत नाही. बाकी आतलं डॉक्टर सांगतील, इथे एक-दोन आहेत.

झिपऱ्या
आज रातले पंगत शे मनी. तुन्हं वाचीसन भूक मरनी.

गिरणा_पाटचारी
मी पाटबंधारे खात्यातून रिटायर, डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पण माझी स्वतःची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरला मी तीन दिवस प्रश्न विचारून भंडावून सोडलं, शेवटी त्याने सांगितलेलं मी माझ्या भाषेत बसवलं ते लिहितो, चुकलं तर सुधारा.

आपण समजतो की नळात जसं तेलकट साचतं तशी नस आतून बुजत जाते. तसं नसतं. पाटचारीचं अस्तरीकरण बघितलंय ना, सिमेंटच्या फरश्या बसवलेल्या असतात. पाणी फटीतून फरशीच्या मागे शिरतं, मागची माती भुसभुशीत करतं, आत पोकळी-फुगा तयार होतो. वरून बघाल तर चारी चांगली वाहतेय. वर्षानुवर्षं वाहते. आणि एखाद्या आवर्तनाला अचानक एक फरशी उचकटते. नसेचं पण तेच, एलडीएल अस्तराच्या मागे जाऊन बसतं, तिथे फुगवटा धरतो, हे काम दहा-वीस-तीस वर्षं चालतं.

आता फरशी उचकटली की काय होतं? गावकरी धावतात, पोती, दगड, झाडाच्या फांद्या, जे सापडेल ते भगदाडात टाकतात. हेतू चांगला. पण घाईत इतकी पोती टाकतात की अख्खी चारीच बंद होते आणि खालच्या टेलच्या शेतकऱ्याचं वावर वाळतं. हे गावकरी म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्स, पोती म्हणजे गुठळी, आणि टेलचं वावर म्हणजे हृदयाचा स्नायू. ॲटॅक म्हणतात तो हाच.

आता आबांची गोळी काय करते? गावकऱ्यांना जरा सुस्त करते. धावणारच नाहीत असं नाही, पण झुंडीने येत नाहीत. फरशीमागची पोकळी ती गोळी बुजवत नाही. तूप-लोण्याचा संबंध त्या पोकळीशी आहे. म्हणजे आबा जमा एका खात्यात आणि खर्च दुसऱ्याच खात्यात टाकतायत.

कळण्याची_भाकरी
साहेब, साष्टांग. सचिवपद आबांकडून काढून घेतलं.

तापीकाठची
टेलच्या शेतकऱ्याचं दुःख एकदम पोहोचलं, आम्ही टेललाच आहोत.

पांढरा_कोट
मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, मेडिसिनचा साधा डॉक्टर, नंदुरबारकडे असतो. गिरणा साहेबांनी जे लिहिलं त्यात सुधारायला फार काही नाही, फक्त भर घालतो. मोबाईलवर टाईप करतोय, लांबलं तर चालवून घ्या.

आधी तूप एलडीएल वाढवतं कसं. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून घेणारे हुक असतात. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जास्त खाल्ली की ते हुक कमी काम करतात, एलडीएल रक्तातच फिरत राहतं. तुपात साधारण ६० टक्क्यांच्या वर संपृक्त चरबी असते. त्यातही सगळी एकसारखी नाही, पामिटिक आणि मिरिस्टिक ॲसिड एलडीएल वाढवतात, स्टिअरिक फारसं वाढवत नाही. पण तूप वाटीत येतं तेव्हा सगळी मिळूनच येतात, निवडून खाता येत नाहीत.

आता मूळ प्रश्न, गुठळीचा. इथे आबा अगदीच चूक नाहीत हं. जड तेलकट-तुपकट जेवणानंतर काही तास रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी एक, फॅक्टर सात, जास्त सक्रिय होतो, हे अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. लंडनच्या नॉर्थविक पार्क अभ्यासात १९८६ साली असंही आलं की फॅक्टर सात आणि फायब्रिनोजेन (गोठवणारा आणखी एक घटक) ज्यांचं जास्त त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू जास्त, तेव्हापासून या विषयाला जोर आला. पण नंतरच्या अभ्यासांत फॅक्टर सातचं तितकं पक्कं नातं सापडलं नाही. आणि गमतीचा भाग, जेवणानंतरची ही वाढ चरबीच्या प्रकारापेक्षा चरबी किती खाल्ली यावर जास्त ठरते, म्हणजे शेंगदाणा तेलाची वाटी रिचवली तरी ती होते. ट्रायग्लिसराईड कायम वाढलेलं असेल, पोट सुटलेलं असेल, साखर असेल तर पीएआय-वन नावाचा पदार्थ वाढतो, तो झालेली गुठळी विरघळू देत नाही. म्हणून गुठळीच्या बाजूने बघायचं तर एका बसणीला किती हाणलं आणि कमरेचा घेर किती, हे दोन प्रश्न महत्त्वाचे, आणि एलडीएलच्या बाजूने बघायचं तर वर्षानुवर्षं कोणती चरबी खाल्ली हा प्रश्न महत्त्वाचा.

आणि ते "रक्त पातळ व्हायची गोळी" हे नाव आम्हीच पाडलं, आमचीच चूक. ॲस्पिरिनने रक्त पातळबितळ होत नाही, चिकटपणा तेवढाच राहतो, फक्त प्लेटलेट्स एकमेकींना सहज धरत नाहीत. पातळ म्हटलं की माणूस लगेच ताकात पाणी घालायचा हिशोब करतो.

पारोळ्याची_पोर
डॉक्टर, ताकाचं अगदी खरं, आबा तेच उदाहरण देतात!

सातपुड्याचा_वारा
इतका एकतर्फी धागा बघून राहवलं नाही. संपृक्त चरबी वाईट ही थिअरी अमेरिकेतल्या अँसेल कीजने गळी उतरवली, १९५८ ला त्याने सात देशांचा अभ्यास सुरू केला आणि सगळं जग तूप-लोण्याच्या मागे लागलं. २०१० आणि २०१४ ला मोठमोठी विश्लेषणं आली त्यात संपृक्त चरबी आणि हृदयविकार यांचा स्पष्ट संबंध निघाला नाही, टाईम मासिकाने मुखपृष्ठावर लोण्याची वळी छापली. मिनेसोटात तर लोकांना मक्याचं तेल देऊन कोलेस्ट्रॉल खाली आणलं तरी मरणं कमी झाली नाहीत, तो डेटा २०१६ ला परत बाहेर आला. हे डॉक्टर कधी सांगत नाहीत. आपले पूर्वज काय वेडे होते का?

पांढरा_कोट
@सातपुड्याचा_वारा, तुम्ही लिहिलेलं खोटं नाही, अर्धं आहे. मिनेसोटाच्या प्रयोगात नऊ हजारांवर माणसं होती पण ती बहुतेक मनोरुग्णालयांतली, माणसं येत-जात राहिली, वर्षभर किंवा जास्त टिकले ते साधारण २,३५५. तीस वर्षांत बनणारी पोकळी वर्षभरात तेल बदलून बुजेल ही अपेक्षाच चुकीची. २०१४ च्या विश्लेषणात एक प्रश्न सुटून जातो: तूप कमी केलं त्यांनी त्याऐवजी काय खाल्लं? मैदा-साखर खाल्ली असेल तर फायदा शून्य, हे आता सगळेच मानतात. तेलं-दाणे यांतली असंपृक्त चरबी खाल्ली तर फायदा दिसतो. २०२० ला कॉक्रेनने (चाचण्या एकत्र करून तपासणारी संशोधकांची संस्था) किमान दोन वर्षं चाललेल्या १५ चाचण्या एकत्र केल्या, संपृक्त चरबी कमी करणाऱ्यांत ॲटॅक-पक्षाघात वगैरे मिळून सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही, तेही सांगतो म्हणजे अर्धं सांगितल्याचा आरोप माझ्यावर नको.

पूर्वज वेडे नव्हते, त्यांच्याकडे वाटीभर तूप रोज असायचंच असं नाही. एका म्हशीवर दहा माणसांचं घर, तूप सणाला आणि पाहुण्याला.

भुसावळ_जंक्शन
आता आठवलं. आजी तुपाचं मडकं कुलपात ठेवायची. चावी कमरेला. म्हणजे वाटीभर तूप एकट्या आजोबांनाच असणार आणि तेही रोज नक्कीच नाही. घरातली बाकीची वीस माणसं वास घेत असतील. मागे घेतो बापा, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

तापीकाठची
आजीने किती खाल्लं ते पण विचारा कधी.

गरम_शेव
आमचं फरसाणचं छोटं दुकान आहे, म्हणून तुपाच्या भांडणात तेल घालतो. सगळे तुपावर तुटून पडलेत पण आपल्याकडे रोजचा मामला तुपाचा आहेच कुठे, शेवभाजीचा आहे. पामतेलात जवळपास निम्मी संपृक्त चरबी असते, पामोलिनमध्ये (पामतेलाचा पातळ भाग) त्याहून जरा कमी, सरकीत पावभागाच्या आसपास, शेंगदाण्यात साधारण पाचवा-सहावा हिस्सा, सूर्यफुलात दहावा, करडईत त्याहून कमी. बाजारातली बहुतेक स्वस्त शेव, चिवडा, खारी, बिस्किटं पामोलिनवर चालतात, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. माणूस घरी तूप सोडतो आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर चार खाऱ्या खातो, मग म्हणतो मी तर पथ्यावर आहे.

वनस्पतीचं मात्र आता जरा बरं आहे, सरकारने ट्रान्स फॅटवर (तेलाचं वनस्पती करताना तयार होणारी चरबी) २०२१ ला ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आणली. ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल कमी करतं, दोन्हीकडून मार. पण तेच तेल आठ-आठ दिवस उकळत ठेवणारे आहेत. आमच्या धंद्यातलेच आहेत, नाव घेत नाही. रंग काळा आणि फेस जास्त दिसला की ताट सोडून उठा.

खापरावरचा_मांडा
रिफाईंडच बंद करा आणि लाकडी घाण्याचं तेल वापरा, नाहीतर ए टू तूप. महाग पडतं पण त्याने कोलेस्ट्रॉल वाढत नाही, आम्ही घेतो.

लॅबवाला
ए टू हे दुधातल्या प्रथिनाचं नाव आहे दादा, बीटा केसिन. तुपात प्रथिन राहतंच कुठे, सगळी चरबीच ना. गायीला ए टू म्हणा, तुपाला म्हणून काय उपयोग. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) पाकिटावरून ए वन-ए टू काढा असा आदेश पण काढला होता, आठवड्याच्या आत मागे घेतला ही वेगळी गोष्ट. आणि घाण्याचं तेल चवीला मस्त, पण चरबी तीच, उष्मांक तेच.

खापरावरचा_मांडा
म्हणजे दोन हजारांचं तूप खाल्लं ते वाया?

कळण्याची_भाकरी
वाया कशाला, पोटावर जमा आहे.

अर्धा_पुणेकर
लसणाचं कोणी बोललं नाही. लसणाने प्लेटलेट्स थोड्या ढिल्या पडतात असं वाचलंय, मग आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात, भरतात, ठेच्यात लसूण ढीगभर असतो, आपण खान्देशी लोक जन्मतःच ॲस्पिरिनवर आहोत ना :)

आणि ते ग्रीनलँडचे एस्किमो. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग हे दोघं डॅनिश संशोधक तिकडे गेले, लोक सील-मासे खाऊन चरबी भरपूर खातात पण ॲटॅक कमी, आणि जखम झाली की रक्त जास्त वेळ वाहतं असं आढळलं. माशातल्या ओमेगा थ्रीमुळे प्लेटलेट्स कमी चिकटतात हे तिथून पुढे आलं. ॲटॅक खरंच किती कमी होते यावर नंतर लोकांनी शंका घेतल्या, पण रक्तस्रावाची वेळ लांबते हे टिकलं. म्हणजे चरबीने रक्त "घट्ट" व्हायचं की "सैल" ते कोणती चरबी यावर पण आहे. फ्रान्सच्या सर्ज रेनोने शेतकऱ्यांच्या गटांवर बघितलं होतं, संपृक्त चरबी जास्त खाणाऱ्यांच्या प्लेटलेट्स लवकर चिकटत होत्या.

तापीकाठची
मासे न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी खा. आमच्याकडे कळण्याच्या भाकरीबरोबर असतेच. जवसातलं ओमेगा थ्री वेगळं, अंगात त्याचं माशासारखं थोडंच बनतं, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

मावशीचा_भाचा
एक शंका. माझ्या मावशीची झडप बदललीय, तिला पण रक्त पातळ व्हायची गोळी आहे, तिला तुपाचं कोणी काही बोललं नाही पण मेथी-पालक एकदम जास्त खाऊ नका म्हणाले. मग आबांना मेथी चालते आणि तूप नाही, मावशीला उलटं, हे कसं काय?

पांढरा_कोट
गोळ्याच वेगळ्या. मावशींची गोळी व्हिटॅमिन के चं काम अडवते, गोठवणारे घटक यकृतात त्या व्हिटॅमिनवर बनतात, पालेभाजीत ते भरपूर. म्हणून आज एक जुडी आणि मग आठ दिवस काहीच नाही असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वरखाली होतो. रोज सारखी थोडी खाल्ली तर चालते, फक्त तपासणी वेळेवर. आबांच्या गोळ्यांना मेथीचं वावडं नाही. आणि लसणाच्या जोरावर कोणी ॲस्पिरिन सोडू नका, प्लीज. विनोद विनोदात ठेवा.

झिपऱ्या
मंग भरीत पार्टी बंद का?

गरम_शेव
भरताला काय धाड भरलीय. वांगं काड्यांवर भाजायचं, बडगीत कुटायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. वरून तेलाची धार सोडतात तीच काय ती. त्याच्याबरोबर पुऱ्या तळतात तिथे घोळ होतो, कळण्याची भाकरी करा की.

कळण्याची_भाकरी
माझं नाव आलं म्हणून हजर.

पारोळ्याची_पोर
सगळ्यांचे आभार, पण एक सांगायचं राहिलं आणि आता धागा वाचून मला भीती वाटायला लागलीय. काल रात्री औषधांचा डबा आवरताना बघितलं तर ॲस्पिरिनची पट्टी लवकर संपलीय आणि रात्रीची कोलेस्ट्रॉलची पट्टी तशीच भरलेली. आबांना विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाले, मागच्या आठवड्यात सप्त्याच्या काल्याला जेवलो, पंगतीत तूप ओतून ओतून वाढतात तिथे नाही म्हणता येत नाही, म्हणून त्या दिवशी पातळ व्हायची दोन घेतली. असं म्हणे आधीपण तीनदा केलंय. आणि कोलेस्ट्रॉलची बंद केली कारण "रिपोर्ट नॉर्मल आला ना आता".

गिरणा_पाटचारी
अरे देवा. म्हणजे गावकऱ्यांना डबल दारू पाजली आणि फरशीचं काम करणारा मिस्त्री घरी पाठवला.

पांढरा_कोट
ताई, हे उद्याच तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा, लपवू नका. ॲस्पिरिन प्लेटलेटला कायमचं बंद करतं, ती प्लेटलेट तिचं आयुष्य संपेपर्यंत, आठ-दहा दिवस, तशीच राहते. रोजच्या ७५ मिलिग्रॅममध्ये जे काम व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, दुसऱ्या गोळीने त्यात फार भर पडत नाही, पोटातून रक्तस्राव व्हायची शक्यता मात्र वाढते, आणि आबांना स्टेंटसाठी जोडीला दुसरी गोळी चालू असणार त्यामुळे जास्तच. शौचाला काळी होते का, चक्कर येते का विचारा, असेल तर फोनवर थांबू नका, दवाखाना गाठा. दुसरं टोक पण सांगतो, घाबरून या दोन गोळ्या स्वतःहून बंद पण करायच्या नाहीत, नवीन स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

आणि कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळे आला. ती सोडली की एलडीएल काही आठवड्यांत परत जागेवर. यकृताचे हुक वाढवायचं काम तीच गोळी करते, तूप ते कमी करतं.

तुपाचं माप तुमचे डॉक्टर सांगतीलच, अंदाजासाठी हिशोब देतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते संपृक्त चरबी एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २,००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाची २२ ग्रॅम, आणि ज्यांचं एलडीएल खाली आणायचंय त्यांना अमेरिकन हार्ट असोसिएशन ५-६ टक्के म्हणते, म्हणजे १३ च्या आसपास. छोटा चमचा तुपात साधारण ३ ग्रॅम. पंगतीत बट्टीवर दोन मोठे पळे ओतले तर ३० ग्रॅम तूप, त्यात १८-१९ ग्रॅम. दूध, साय, शेव वेगळी. आपल्या भागातल्या लोकांना पहिला ॲटॅक तसाही लवकर येतो, इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळपास ५९.

सातपुड्याचा_वारा
डॉक्टर, अर्धं सांगितल्याचं मान्य. पण एक चमचा तरी ठेवलात, म्हणजे तूप विष नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं.

तापीकाठची
तुमचं म्हणणं तेवढंच नव्हतं हो, वर जाऊन वाचा :)

पारोळ्याची_पोर
(पाच दिवसांनी) उशीर झाला लिहायला, माफ करा. डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिमोग्लोबिन बघितलं, ठीक आहे, पोटाची एक गोळी वाढवली आणि कोलेस्ट्रॉलची परत चालू. आबांना तिथे चांगलंच सुनावलं.

पण पटलं त्यांना त्याने नाही. घरी आल्यावर मी गिरणा साहेबांचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आबांचं निम्मं आयुष्य चारीवर पाणी वाटपाची भांडणं करण्यात गेलंय. पोत्यांपर्यंत आले तेव्हा म्हणाले, "थांब. आमच्या शिवारात ७९-८० च्या सुमारास असंच झालं होतं. मी होतो पोती टाकणाऱ्यात." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालच्यांचा गहू गेला होता."

रात्रीची गोळी आता स्वतः मागून घेतात. तूप एक छोटा चमचा, आणि तो मी नाही, सासूबाई वाढतात, म्हणजे गल्लीचा प्रश्न पण मिटला. सप्त्याच्या पंगतीचं अजून भांडण चालू आहे, ते म्हणतात वाढप्याचा हात धरला तर अन्नाचा अपमान होतो.

गिरणा_पाटचारी
आबांना माझा रामराम सांगा. कोणत्या वितरिकेवर शेत आहे विचारा, ओळख निघेल.

भुसावळ_जंक्शन
वाढप्याला आधीच गाठून सांगून ठेवायचं. आमच्याकडे तसंच करतात, डायबिटीसवाल्यांच्या पानात बुंदी पडत नाही.

पारोळ्याची_पोर
हे बरं आहे, वाढपी आमचा पुतण्याच असतो. आता शेवटचं. आखाजीला माहेरी चाललेय, पण त्याआधी इथे सांजोऱ्या करून ठेवायच्यात, आबांना आवडतात. तुपात तळायच्या नाहीत हे कळलं. मग शेंगदाणा की करडई?

गरम_शेव
शेंगदाणा. ताजं तेल घ्या, धूर निघेपर्यंत तापवू नका, उरलेलं परत तळायला वापरू नका. आणि आबांना दोनच.

झिपऱ्या
आनी उरेल सांजोऱ्या आठे धाडी द्या.